टॉवरमधला खुंटा

टॉवरमध्ये त्याला सगळे खुंटा म्हणत. तोंडावर नव्हे हं! तोंडावर 'साहेब' म्हणत. एकावन्न वर्षांच्या, हातात माइक असलेल्या माणसाला तोंडावर खुंटा म्हणायची छाती कोणाची? पण त्याला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. खुंटा हलवून बळकट करावा म्हणतात ना, हा माणूस सव्वीस वर्षं नेमकं तेच करत आला होता. वैमानिकानं एक गोष्ट सांगितली की हा ती पुन्हा वदवून घेणार. जीपवाल्यानं 'बाहेर आलो' म्हटलं की हा दुर्बीण डोळ्याला लावून जीप खरोखर बाहेर आली का ते बघणार. सगळं ठाकठीक दिसलं की मगच त्याच्या तोंडून 'उतरा' हा शब्द निघायचा.

लोकांना वाटतं, विमान उतरवतो तो वैमानिक. उतरवतो तोच, वादच नाही. पण उतरू का असं विचारावं लागतं, आणि ते खुंट्याला विचारावं लागे. विमानतळाला धावपट्टी एकच. तिच्यावर एका वेळी एकानंच असायचं, मग ते विमान असो, जीप असो, नाहीतर कुंपणाखालून घुसलेलं कुत्रं असो. आत्ता ती कोणाची, हे ठरवायचं काम आठव्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत, खिडकीकडे तोंड केलेल्या खुर्चीवर बसून चाले. लिफ्ट सातव्यापर्यंतच. शेवटचा मजला लोखंडी जिन्यानं चढायचा. त्या जिन्याच्या सत्तावीस पायऱ्या खुंटा सव्वीस वर्षं एका दमात चढत होता, आणि खुर्चीत बसला की चार तास हलत नव्हता.

खुर्चीसमोर एक उतरती फळी होती. प्रत्येक विमानाच्या नावाची कागदाची चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पट्टीत बसवून त्या फळीवर ओळीनं लावायची. आणि धावपट्टीवर एखादी गाडी गेली की त्या ओळीत एक लाल पट्टी आडवी टाकायची. लाल पट्टी आडवी आहे तोवर 'उतरा' म्हणायचं नाही, मग वैमानिक कितीही घाई करो. गाडी एक, पट्टी एक. डोकं विसरतं, म्हणून हाताला लावलेली ही सवय. नवीन माणसाला खुंटा पहिल्या दिवशी हेच सांगायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा.

आणि चुकला कोण? हाच.

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला जीप धावपट्टी तपासायला आत गेली. लाल पट्टी लागली. पाठोपाठ गवत कापायचा ट्रॅक्टर, पलीकडे जाऊ द्या म्हणून मागे लागला. तेव्हा दोन विमानं एकदम बोलत होती, फोन खणखणत होता, आणि दुसरी लाल पट्टी खणात होती. खण उघडायला किती वेळ लागतो? दोन सेकंद. पण त्यानं समोर होती त्याच पट्टीवर पेन्सिलीनं 'ट्रॅक्टर' असं खरडलं आणि ट्रॅक्टर आत सोडला. घाईत सगळेच खरडायचे. तोही पूर्वी चारपाचदा खरडून मोकळा झाला होता. मग जीपवाला म्हणाला, 'बाहेर आलो.' खुंट्यानं शिरस्त्याप्रमाणे दुर्बिणीतून पाहिलं. जीप बाहेर होती. हातानं लाल पट्टी उचलली आणि पेन्सिलीच्या अक्षरांसकट खणात टाकली.

"सहा-एक-चार, उतरा."

सहा-एक-चार म्हणजे रोजचं अकराचं विमान. त्याच्या कॅप्टनचा आवाज खुंटा नऊ वर्षं ऐकत होता. भांडखोर म्हणून नावाजलेला माणूस. दोन मिनिटं थांबवलं की कारण विचारणार, पाच मिनिटं थांबवलं की घड्याळ सांगणार. पण त्या दिवशी तो अगदी साध्या आवाजात बोलला.

"टॉवर, पुढे ट्रॅक्टर आहे. वर घेतोय."

विमान जमिनीपासून तीनशे फुटांवर होतं. तिथून ते गरजत वर चढलं आणि ट्रॅक्टरच्या डोक्यावरून गेलं. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, एवढंच.  खुंट्याचे हात चालत राहिले. त्यानं विमानाला उंची दिली, वळण दिलं, खणातून लाल पट्टी काढून पुन्हा आडवी टाकली, बारा मिनिटांनी सहा-एक-चारला सुखरूप उतरवलं, आणि मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंना म्हणाला, "माझ्या जागी बसता का जरा?" 

दुपारी ट्रॅक्टरवाला स्वतः वर आला. तो का आला कोण जाणे! जिना चढून धापा टाकत होता आणि हसत होता. "काय सांगू साहेब, टोपी उडाली माझी! कानाला ते आवाज अडवायचे डबे लावलेले, मला विमान ऐकूच नाही. एकदम सावली आली म्हणून वर बघतो तर पोट! विमानाचं पोट! चाकं मोजली मी." तो एवढा हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. जाताना त्यानं खुंट्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, "होतं साहेब. मी बायकोला नाही सांगितलं." त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर खुंट्याला बरं वाटलं असतं.

खुंट्यानं त्याच दिवशी सगळं लिहून दिलं. पेन्सिलीचं, खणाचं, सगळं. त्या धंद्यात चूक लपवणाऱ्याला घरी पाठवतात. सांगणाऱ्याला सांभाळून घेतात. त्याच्यावर कोणी आवाजसुद्धा चढवला नाही. तीन आठवडे खुर्चीपासून लांब, मग थोडं शिक्षण, मग परत काम. 'एकाच पट्टीवर दोन गाड्या लिहू नयेत' असा कागद भिंतीवर लागला. झालं, संपलं. जगासाठी संपलं हो!

त्या तीन आठवड्यांत त्यानं घरात बायकोच्या नाकी नऊ आणले. ती मोटार चालवायला शिकवायची. दारावर मोठं लाल 'शि' रंगवलेली छोटी गाडी, आणि शेजारी बसून शिकवणाऱ्या तिच्या पायाशी दुसरा ब्रेक. सकाळी सातला ती बाहेर पडायची, दहाला चहाला घरी यायची, तर हा स्वयंपाकघरात गॅसच्या बटणावर हात ठेवून उभा.

"अहो, बंद आहे तो."

"बघतोय."

"मी जातानाही बघतच होतात!"

गॅस झाला की नळ, नळ झाला की कुलूप. कुलूप लावून दोघं खाली उतरली की हा अर्ध्या जिन्यातून परत वर. बाल्कनीत उभं राहून खालच्या चौकातल्या गाड्या मोजायचा. एखादी गाडी दुसरीच्या फार जवळ गेली की हा कठडा घट्ट धरायचा. जेवताना ताटावरून उठायचा, चार पावलं टाकायचा, परत बसायचा. बायको म्हणाली, "चटके बसल्यासारखे काय फिरताय? बसा की एका जागी." बसला. पाय हलायला लागला. टेबलावरचे पेले किणकिणायला लागले, तेव्हा तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

परत कामावर गेला त्या दिवशी सगळ्यांनी चहा पाजला. पहिली सहा विमानं त्यानं नीट उतरवली. सातवं धावपट्टीच्या तोंडाशी आलं, परवानगी देऊन झालेली, धावपट्टी स्वच्छ मोकळी, आणि तरी याच्या बोटानं माइकचं बटण दाबलं.

"गो अराउंड."

म्हणजे उतरू नका, वर घ्या, फेरा मारून पुन्हा या. वैमानिकानं निमूट वर घेतलं. दुसरं करणार काय? टॉवरनं गो अराउंड म्हटलं की आधी वर जायचं, मग विचारायचं. विचारलं, तेव्हा खुंटा म्हणाला, "शंका आली." आणि वहीतही तेच लिहिलं: धावपट्टी मोकळी असल्याबद्दल शंका. हा शब्द फार सोयीचा आहे. शंका आली तर वर पाठवा असा नियमच आहे, आणि शंका का आली असं कोणी विचारायचं नाही असा त्या नियमामागचा रिवाज. का विचारायला लागलं की माणूस पुढच्या वेळी कचरतो, आणि तिथे कचरणं म्हणजे माती. रिवाज शहाण्यांनी घातलेला आहे. खुंटा त्याच्या आडोशाला जाऊन बसला.

दोन आठवड्यांत सात विमानं वर गेली. टॉवरमध्ये पूर्वी महिन्याला दोन गेली तर डोक्यावरून पाणी. तिसऱ्यापर्यंत लोक म्हणाले, दुधानं तोंड पोळलंय, ताक फुंकून पितोय, पिऊ द्या. पाचव्यानंतर खुंटा खुर्चीत बसला की शेजारच्या बाई आपली खुर्ची जराशी त्याच्याकडे वळवून बसत. तसं करताना त्या त्याच्याकडे बघत नसत, आणि हेच त्याला जास्त लागे.

वर गेलेलं सातवं होतं सहा-एक-चार. त्या दिवशी विमान उतरून माणसं गेल्यावर कॅप्टन टॉवरमध्ये आला. नऊ वर्षं ओळखीचा आवाज, आणि माणूस पहिल्यांदाच समोर. खुंट्याला वाटलं होतं उंच, मिशाळ कोणीतरी असेल. हा बुटका, गोल चेहऱ्याचा, चष्मा कपाळावर सरकवलेला. मागच्या छोट्या खोलीत दोघं उभेच राहिले.

"बसा ना," खुंटा म्हणाला.

"बसत नाही. भांडायला आलोय, बसून भांडता येत नाही मला." मग लगेच, "आज धावपट्टीवर काय होतं?"

"शंका आली."

"कसली?"

"तसं विचारायचं नसतं, कॅप्टन."

"माहीत आहे. म्हणूनच रेडिओवर नाही विचारलं, जिने चढून आलो." कॅप्टननं चष्मा नाकावर घेतला. "हे बघा, ट्रॅक्टरच्या दिवशी मी तुमच्याविरुद्ध एक अक्षर लिहिलं नाही. नऊ वर्षांत तुम्ही एकदा चुकलात. मी वर्षाला नऊदा चुकतो. ते सोडा. पण आता तुम्ही मला 'उतरा' म्हणता ना, तेव्हा माझा विश्वास बसत नाही. मी चाकं खाली टाकतो, आणि मनात म्हणतो, हा आता शब्द फिरवणार. माझं अर्धं लक्ष धावपट्टीवर, अर्धं तुमच्या आवाजावर. तुम्हीच सांगा, अशानं नीट उतरता येईल? मागे एकशे साठ माणसं बसलेली असतात."

"वर पाठवलं तर कोणी मरत नाही," खुंटा फटकन म्हणाला.

"रोज वर पाठवलंत तर मरेलही एखाद्या दिवशी. पुढे कोणी नुकतंच उडालेलं असेल, मागे कोणी येत असेल, आणि मधे मी, बिनकामाचा!" तो दारापर्यंत गेला आणि वळला. "कारण असेल तर मला दहादा वर पाठवा. अकराव्यांदा हसत जाईन. कारण असू द्या, बस."

खुंटा घरी आला तो धुमसत. बायकोला सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "मला शिकवतोय! त्याचाच जीव वाचावा म्हणून करतोय ना मी?"

बायको गाडीच्या किल्ल्या खुंटीला अडकवत होती. "मागे वळणावर ती स्कूटर माझ्या गाडीवर आपटली होती, आठवतं?"

"त्याचं इथे काय?"

"त्यानंतर महिनाभर मी दर वळणावर माझा ब्रेक दाबायची. शिकणारा नीट वळत असला तरी. एका मुलीनं मला विचारलं, बाई, माझं काय चुकलं? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, मग दाबलात का?  दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही."

"माझं काम आणि तुझं काम एक आहे का?"

"नाही बाबा, तुमचं मोठं," ती म्हणाली. "हात धुऊन घ्या."

तो रागानं हात धुवायला गेला आणि नळ तीनदा बंद केला.

मग पत्र आलं. अमुक तारखेला परीक्षक येतील, चार तास शेजारी बसतील, आणि खुर्ची राहते की जाते ते ठरवतील. गेली तर खाली दुसऱ्या मजल्यावर, नकाशे आणि सूचनांच्या खात्यात. दिवसभर छापील कागद दुरुस्त करायचे, खिडकी पार्किंगच्या बाजूला. पगार तोच. पण त्याच्यासाठी त्या खुर्चीबाहेर जग नव्हतं. त्याला दुसरं काहीच येत नव्हतं, आणि हे येतं याचा त्याला केवढा अभिमान होता! लग्न ठरताना मुलीकडच्यांनी 'मुलगा काय करतो' विचारलं तेव्हा तो स्वतःच म्हणाला होता, 'मी विमानं उतरवतो,' आणि सासऱ्यांना तो वैमानिकच वाटला होता. त्यानं सहा महिने ती चूक दुरुस्त केली नव्हती.

परीक्षक म्हणून आला तो त्याचाच जुना मित्र. सव्वीस वर्षांपूर्वी दोघं एका बाकावर बसून शिकले होते, एकाच खोलीत राहिले होते. एकाची चप्पल दुसऱ्याच्या पायात असायची. आता मित्राला टक्कल पडलं होतं आणि कमरेचा पट्टा पोटाखाली गेला होता. जिना चढून येताच म्हणाला, "लेका, अजून लिफ्ट वरपर्यंत नाही का रे तुमच्याकडे? मला मारायला बोलावलंस?" सगळे हसले. मग कानाला हेडसेट लावला आणि खुंट्याच्या उजव्या हाताला बसला, मांडीवर तक्त्याचा कागद. हळूच म्हणाला, "घाबरू नकोस. तुझ्यासारखा माणूस खालच्या मजल्यावर कुजवणार नाही मी."

सात वाजता सुरू झालं. खुंटा त्या दिवशी असा चालला की बघत राहावं. एकोणीस विमानं उतरवली, सोळा उडवली. जीप दोनदा आत गेली, दोनदा बाहेर आली. गाडी एक, पट्टी एक. एकदा पक्ष्यांचा थवा आला तेव्हा त्यानं दोघांना लांबच थांबवून ठेवलं आणि थवा जाताच एकामागे एक घेतलं. बोट बटणाकडे जात होतं, नाही असं नाही. तीनदा गेलं. तिन्ही वेळा त्यानं बोटं बटणावरून उचलून मांडीवर ठेवली आणि मनात आकडे मोजले. विमान टेकलं की सदऱ्याच्या बाहीनं ओठावरचा घाम पुसायचा. मित्र कागदावर बरोबरच्या खुणा करत होता. वीसच मिनिटं राहिली होती.

जीप तिसऱ्यांदा आत गेली. लाल पट्टी. बाहेर आली. खुंट्यानं ऐकलं, दुर्बिणीतून पाहिलं, पट्टी उचलली. ट्रॅक्टर त्या दिवशी शेडमध्येच होता. सकाळी त्यानं ते मुद्दाम फोन करून विचारून घेतलं होतं. मग एका विमानाला उडायला सोडलं. ते उडालं. धावपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी.

"सहा-एक-चार, उतरा."

"उतरतोय," कॅप्टन म्हणाला.

विमान खाली येऊ लागलं. चाकं दिसायला लागली. खुंट्यानं धावपट्टी पाहिली: रिकामी. पुन्हा पाहिली: रिकामी. आणि तरी त्याला आत कुठेतरी ती सावली दिसली, खाली टोपीवाला माणूस वर बघतोय. त्यानं बोटं मांडीवर ठेवायचा प्रयत्न केला. बोटं ऐकेनात.

"सहा-एक-चार, गो अराउंड."

 मग इंजिनं गरजली आणि विमान नाक वर करून काचेसमोरून गेलं.

आणि पुढे नुकतंच उडालेलं ते दुसरं विमान! अजून हाकेच्या अंतरावर, तेच आभाळ, तीच दिशा. शेजारच्या बाई उठून उभ्या राहिल्या. पण खुंट्याचा आवाज तसूभरही हलला नाही. पुढच्याला उजवीकडे वळवलं, सहा-एक-चारला सरळ ठेवून एका उंचीपलीकडे चढू दिलं नाही, मग डावीकडे घेतलं. दोन्ही वैमानिकांनी शब्द न् शब्द परत म्हणून दाखवला, त्यानं तो नीट ऐकून घेतला. अर्ध्या मिनिटात दोन्ही विमानं एकमेकांपासून दूर गेली. मित्र म्हणाला, "वा! हात सोन्याचे आहेत लेका तुझे."

"टॉवर," कॅप्टनचा आवाज आला. राग नव्हता त्यात, थकवा होता. "कारण कळेल?"

खुंट्यानं बटण दाबलं. तोंड उघडलं. तोंडात तो शब्द तयार होता, सात वेळा वापरून गुळगुळीत झालेला. तो निघाला नाही. त्यानं बटण सोडलं आणि शेजारच्या बाईंकडे वळला. "तुम्ही घ्या."

जागा देण्याची पद्धत असते. त्यानं ती पाळली. फळीवरच्या एकेका पट्टीवर बोट ठेवून सांगितलं: हा इथे आहे, इतक्या उंचीवर, हा इतक्या मिनिटांनी येईल, सहा-एक-चार फेरा मारतोय, दहा मिनिटांत पुन्हा समोर येईल, धावपट्टी मोकळी आहे. शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज पहिल्यांदा चिरकला. बाईंनी सगळं परत म्हणून दाखवलं आणि त्या खुर्चीत बसल्या.

मित्र त्याला मागच्या टेबलाशी घेऊन गेला. कागद पसरला. बरोबरच्या खुणांनी भरलेला कागद, खाली एकच रकाना रिकामा: शेवटचा गो अराउंड, कारण.

"छान सांभाळलंस पुढचं. खरं सांगतो, मला जमलं नसतं." मित्रानं पेनचं टोपण काढलं. "मी लिहितो, धावपट्टी मोकळी असल्याबद्दल शंका. नियमात बसतं. कोणी हरकत घेणार नाही. तेच ना?"

खुंटा रिकाम्या रकान्याकडे बघत होता.

"शंका होती ना?" मित्र पुन्हा म्हणाला. यावेळी आवाज खाली आणून. "अरे, हो म्हण. एवढंच म्हणायचंय. उद्या सात वाजता तू त्या खुर्चीत असशील."

म्हणायला काय लागत होतं? 'हो.' एक अक्षर. खुंट्यानं काचेतून पाहिलं. लांब, डावीकडे, सहा-एक-चार वळून पुन्हा रांगेत येत होतं. आत एकशे साठ माणसं सीटचे हात धरून बसली असणार, काय झालं म्हणून एकमेकांना विचारत असणार. काय झालं होतं? काही झालं नव्हतं. त्याला धावपट्टी जितकी मोकळी दिसली होती तितकी सव्वीस वर्षांत कधी दिसली नव्हती.

"नाही," तो म्हणाला. "शंका नव्हती."

"मग?"

"भीती वाटली."

मित्राचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. "हळू बोल. गाढवा, हे मला लिहावं लागेल."

"लिही. सगळ्यांचं तेच लिही. आधीच्या सातांचंही. एकदाही शंका नव्हती रे. धावपट्टी मोकळी आहे हे मला दर वेळी माहीत होतं. मी त्यांना वर पाठवत होतो, कारण ते खाली आलेले मला बघवत नव्हते."

"थोडी सुट्टी घे. सहा महिन्यांनी—"

"सहा महिन्यांनी मला पुन्हा तपास, बोलाव, काय हवं ते कर. पण उद्या सात वाजता मला तिथे बसवू नकोस. मी बसेन ना! तू बसवलंस तर मी आनंदानं बसेन, हीच तर भानगड आहे."

 मित्रानं लिहिलं. ते एकच वाक्य लिहायला त्याला फार वेळ लागला, आणि सही करताना त्यानं 'साला' अशी एक शिवी दिली. ती कोणाला, ते कळलं नाही. कागद त्यानं खुंट्यापुढे सरकवला. खुंट्यानं वाचला. सवयीनं पुन्हा वाचला. आपली सही केली.

खुर्चीतल्या बाईंनी धावपट्टी पाहिली, बटण दाबलं आणि म्हणाल्या, "सहा-एक-चार, उतरा."

"उतरतोय," कॅप्टन म्हणाला.

खुंटा काचेजवळ जाऊन उभा राहिला. आवाज दुसऱ्याचा होता, बोट दुसऱ्याचं होतं. विमान खाली आलं, अजून खाली आलं, कोणी त्याला अडवलं नाही. चाकं टेकली, थोडा धूर उडाला, आणि ते पट्टीवरून सरळ पळत गेलं. किती सोपं होतं ते! मग मात्र त्याला रडू आवरेना. सगळ्यांसमोर, हेडसेट हातात धरून, तो हुंदके देऊन रडला.